हजर एकतीस, पेले तीस

दुसरं गीत सुरू झालं की मामांचा अंगठा हलायला लागायचा. उजव्या हाताचा अंगठा, त्याच हाताच्या पेरांवरून, करंगळीपासून सुरुवात करून. ओठ गीताचे शब्द म्हणायचे आणि अंगठा माणसं मोजायचा. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला असतात तर तुम्हाला वाटलं असतं, हा माणूस जप करतोय. आमच्यात जप नसतो. मामा हजेरी घेत होते.

हजेरी हा त्यांचा धंदाच होता. वसईत सातिवलीला बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं करणारं एक युनिट होतं, तिथे ते टाइमकीपर आणि मी डिस्पॅचला. गेटवरच्या केबिनमध्ये बसून कामगारांची वेळ टिपणाऱ्या माणसाला तिथे सगळे मामा म्हणत. त्यांच्या आधी जो होता तोही मामाच. रविवारी मंडळीत तेच गृहस्थ पुढच्या बाकावर दिसले तेव्हा माझ्या तोंडून ‘सलाम, मामा’ असं निघून गेलं, आणि त्या दिवसापासून ते आख्ख्या मंडळीचे मामा झाले. खरं नाव मी सांगणार नाही. ते मी एकदा कागदावर लिहायचं टाळलंय, आता इथे लिहायला तोंड नाही.

मंडळी म्हणजे आम्ही देशावरून आणि मुंबईतून फ्लॅट घेऊन वसईत आलेले मराठी प्रोटेस्टंट लोक. इथल्या जुन्या गावांतल्या कॅथलिकांची मोठाली चर्चेस आहेत, त्यांच्या घंटा दोन गावं पलीकडे ऐकू जातात. आमच्याकडे घंटा नव्हती. एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी दोन तास मिळायचा. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरं कापड, की झालं आमचं मंदिर. मी बोलतोय ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाचं. तेव्हा आमचे पाळक, म्हणजे पास्टर, बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी यायचं, यावरून वरच्या लोकांत भांडण लागलं, ते कोर्टात गेलं. पाळक नाही म्हटल्यावर निम्मी मंडळी कीबोर्ड आणि ड्रम असलेल्या एका नव्या सभेत निघून गेली. उरली एकोणीस घरं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुंबईहून एक पाहुणे पाळक यायचे, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, देऊन जायचे. बाकीचे रविवार आमचे आम्ही.

त्यातच वातावरण बिघडलं. चर्चेसवरच्या हल्ल्यांच्या बातम्या दुसऱ्या राज्यांतल्या असायच्या, पण शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा बोलावून सांगितलं की गेटवर मंडळीचा बोर्ड लावू नका. मामांनी बोर्ड चादरीत गुंडाळून घरी नेला. पुढच्या रविवारी परत आणला आणि हॉलच्या आत, स्टेजकडे तोंड करून टांगला. मी म्हटलं, मामा, आता हा कोण वाचणार? ते म्हणाले, “ज्याला वाचायचाय त्याला दिसतोय.”

एका रविवारी एक हवालदार आला. सभ्य माणूस, बिचाऱ्याला वरून सांगितलेलं असावं. किती लोक येतात, असं त्यानं दारातच विचारलं. मामा उठून त्याच्याजवळ गेले. “हजर अठ्ठावीस,” त्यांनी सांगितलं. “गैरहजर तेरा. त्यांची नावं देऊ?” नको, तो म्हणाला. “दोघं आजारी हायेत, एकीचं बाळंतपण हाय,” मामा सांगतच राहिले. हवालदार चहा पिऊन गेला, पुन्हा आला नाही.

ते तेरा जण मामांना चैन पडू द्यायचे नाहीत. रविवारी दुपारी जेवण झालं की प्लॅस्टिकच्या पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचं पुस्तक घेऊन ते निघायचे. जो आला नसेल त्याच्या दारात उभे राहायचे आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य बोलायचे, “तुम्ही आला न्हाईत, म्हणून आम्ही आलो.” एकटाच माणूस, पण नेहमी ‘आम्ही’. त्यात टोमणा नसायचा. झोपून राहिलेला माणूस ओशाळायचा हे खरं, पण ते त्याचं त्याला.

आणि आले की सकाळची उपासना पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचे. गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, सगळं. सूचनासुद्धा गाळायचे नाहीत. आमच्यात एक सत्तरीचे म्हातारे होते, लग्न न केलेले, पाय मोडून पडलेले. त्यांच्या खाटेपाशी उभं राहून मामांनी वाचलं होतं की शनिवारी महिला मंडळाची सभा आहे, सर्व भगिनींनी वेळेवर हजर राहावे. म्हातारा म्हणाला, मी काय करू येऊन? मामा म्हणाले, “तुम्हाला कळवायचं आमचं काम.” आवाज त्यांना बेताचाच होता आणि चाल फार संथ. आपण कडवं संपवून थांबलो तरी ते अजून तिसऱ्या ओळीत असायचे. त्यांना एकट्याला मागे सोडायला कुणाला जमायचं नाही, म्हणून सगळी मंडळीच हळूहळू गायला लागली.

जूचंद्रला आमच्यातली एक विधवा बाई भाड्यानं राहायची. घरमालकीण तिथलीच, शेतीवाडीवाली. मामा सायकल लावून अंगणात आले की ती आधी पाण्याचा तांब्या आणायची. “बस नं मामा, पानी पी. मंग गा तुझी गानी.” ते पाणी प्यायचे आणि आत जाऊन गायचे, आणि ती ओटीवर भात पाखडत ऐकायची. विधवा बाई मुंबईला मुलाकडे गेलेली असली तरी घरमालकीण मामांना पाणी प्यायल्याशिवाय सोडायची नाही. एकदा तर म्हणाली, आज ती नाय, तरी एक गानं बोलून जा. मामांनी म्हटलं. गैरहजर कुणीही असो, गीत ठरलेलं होतं.

एक गोष्ट मात्र ते कधी करायचे नाहीत. उपासनेच्या शेवटी आशीर्वाद असतो, तेव्हा पाळक मंडळीवर हात उंचावतो. आशीर्वाद आणि प्रभुभोजन दीक्षा मिळालेल्या पाळकानंच द्यायचं, असा आमचा नियम. मामा घरोघरच्या उपासनेत तिथवर आले की दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचे. “हात पाळकाचा. आमचा हात न्हाई तो.” मग मान खाली घालून नुसतं ‘आमेन’ म्हणायचे. शिस्तीचा माणूस. कारखान्यात पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतःचंही कार्ड लाल शाईनं भरायचे.

प्रभुभोजनाची तयारी त्यांच्याकडे होती. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. पावाच्या कडा कापून मधल्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. रविवारी दुसऱ्या गीताला प्रभुभोजन घेणारी माणसं मोजायची आणि स्टेजच्या पडद्याआड उभं राहून तेवढेच काचेचे छोटे पेले भरायचे. पाहुण्या पाळकांनी रांगेतल्या शेवटच्या माणसाला पेला दिला की ताट रिकामं व्हायचं. इतक्या वर्षांत एकही पेला उरलेला किंवा कमी पडलेला मी पाहिला नव्हता.

आता माझ्या आईचं सांगतो. तिला पोटाचा कॅन्सर होता. शेवटचे पाच महिने ती घरीच पडून होती, त्यामुळे मामांच्या यादीत ती कायमची. रविवारी तीनच्या ठोक्याला बेल वाजायची, तुम्ही आला न्हाईत म्हणून आम्ही आलो. ती हसायची. पहिल्या रविवारी दुपारी पाहुणे पाळक घरी येऊन तिला प्रभुभोजन द्यायचे. मग ते स्वतःच आजारी पडले, आणि दोन महिने कुणीच आलं नाही.

एका बुधवारी डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस. गुरुवारी सकाळी आईनं मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, “मला प्रभुभोजन पाहिजे रे. त्याशिवाय नको.” दुसरं काही तिनं मागितलं नाही. मी खाली जाऊन एसटीडी बूथवरून मुंबईला तीन पाळकांना फोन केले. एक कन्व्हेन्शनला गेले होते. एक रविवारी यायला तयार होते. तिसऱ्यांनी सांगितलं की तुमची मंडळी सध्या कुणाच्या अखत्यारीत आहे तेच ठरलेलं नाही, तेव्हा पंचांचं पत्र आणा. मंडळीचा कारभार बघणाऱ्या या पंचांचा चिटणीस मीच होतो. पत्र मी लिहिलं असतं, पण ते पोचेपर्यंत आई थांबणार नव्हती.

मी सातिवलीला गेलो आणि केबिनच्या खिडकीशी उभा राहिलो. मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि समोरच्या कार्डांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, “आमचा हात न्हाई तो.” मला माहीत आहे, मी म्हटलं. आणखी काही बोललो नाही. विनवणी केली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा मी आतून बधिर झालो होतो, घड्याळ बघत उभा होतो. त्यांनी गठ्ठा सारखा करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “चारला पाळी सुटती. घरी जाऊन मनुका उकळायला लागतील.”

साडेपाचला बेल वाजली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात ताट, त्यावर पांढरा रुमाल, खाली एकच पेला आणि पावाचा एकच तुकडा. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं. “मामा,” ती म्हणाली, “तुम्हाला चालतं का हे?”

“तुम्ही आला न्हाईत,” मामा म्हणाले, “म्हणून आम्ही आलो.”

पाळक म्हणतात ते शब्द त्यांना पाठ होते. इतकी वर्षं पडद्याआड उभं राहून ऐकलेले. त्यांनी ते नेहमीच्या संथ चालीनं म्हटले. पावाचा तुकडा रसात भिजवून तिच्या ओठांना लावला, मग पेला. घोट आत गेला, थोडा हनुवटीवर आला, तो त्यांनी रुमालानं पुसला. शेवटी आशीर्वाद आला आणि त्यांचे हात सवयीनं मागे गेले. आई म्हणाली, “हात वर करा, मामा.” डाव्या हातानं मनगट सोडलं. मग उजवा हात पुढे आला आणि वर गेला.

पेला त्यांनी आमच्या मोरीत स्वतः धुतला. चहा नको म्हणाले. दारात चपला घालताना मला म्हणाले, “पंचांना सांगू नका. पण कुणी विचारलं तर खोटं बोलू नका.” मी मान हलवली. शनिवारी सकाळी आई गेली. मला रडू आलं नाही. लोक येत होते, मी खुर्च्या मांडत होतो.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला पाहुणे पाळक बरे होऊन आले. रांग पुढे गेली, परत आली. ताट रिकामं झालं. आणि मामा पडद्याआडून बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, गडबडीत राहिलं. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम माणसं मोजली. त्यांच्यासकट घेणारे एकतीस होते. पेले त्यांनी तीस भरले होते.

सोमवारी मी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, मामा, पाळकसाहेबांना सांगून टाका, ते काय खाणार आहेत का तुम्हाला? ते म्हणाले, “आम्ही कबूल केलं तर साहेब म्हणणार, ते झालंच न्हाई, त्याला हात नव्हता. मग तुमच्या आईला काय मिळालं? पाव आणि मनुकांचं पाणी.” त्यांनी एक कार्ड उचललं, वेळ लिहिली, खाली ठेवलं. “तिला मिळालं ते मिळालं. ते तसंच राहू द्या. आम्ही नियम मोडला, आम्ही रांगेत यायचं न्हाई. एवढं सोपं हाय.”

सोपं होतं खरं, माझ्यासाठी. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला चांगलं जमतं.

मंडळी काय, बोलायला लागली. आधी हळू, मग उघड. मामांच्या मनात काहीतरी सलतंय. तरुणपणचं काही असेल. कुणी म्हणालं, कीबोर्डवाल्या सभेत जाणार आहेत, बघा. कुणी म्हणालं, पितात. हे सगळे तेच लोक, ज्यांच्या घरी मामा रविवारी दुपारी जाऊन गात होते, आणि अजूनही जातच होते. प्रत्येक जण दुसऱ्याला विचारायचा. मामांना कुणी विचारलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही, त्यामुळे मी खोटं बोललो नाही. माझी बाजू अशी स्वच्छ होती.

आमचा एक नियम आहे. वर्षभर प्रभुभोजन न घेणाऱ्याचं नाव सभासदांच्या यादीतून कमी होतं. त्याला मत नाही, पंचांत जागा नाही. वर्ष उलटून गेल्यावर, जानेवारीत, पंचांच्या सभेत मामांचं नाव निघालं. सगळे खाली बघत होते. एक जण म्हणाले, नियम म्हणजे नियम, मामांनाच विचारा, तेही हेच म्हणतील. यावर दोघे-तिघे हसलेसुद्धा. यादी लिहायचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं. मी घरी बसून फुलस्केप कागदावर लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. मामांचं नाव जिथे यायचं तिथे पुढचं नाव आलं, अनुक्रमांक न चुकता.

रविवारी ती यादी मामांनी वाचली. आधी वरून खाली अंगठ्यानं मोजली, मग पुन्हा एकदा. मी बाजूलाच होतो. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, “अक्षर सुरेख हाय तुमचं.” आणि पडद्याआड पेले भरायला गेले.

अशी सहा वर्षं गेली. वरचं भांडण मिटलं, आम्हाला स्वतःचे पाळक मिळाले, तरुण, मनमिळाऊ. बोर्ड पुन्हा गेटवर गेला. माणसं वाढली, मामा मोजत राहिले आणि दर वेळी एक पेला कमी भरत राहिले. नवीन पाळकांनी त्यांना एक-दोनदा विचारलं म्हणे, तेव्हा ते म्हणाले, आमचं चाललंय ते बरं हाय. युनिट बंद पडलं, मी दुसरीकडे लागलो, मामा घरी बसले. पण रविवारची फेरी थांबली नाही. मी स्वतः दोनदा उपासना बुडवली होती. दोन्ही वेळा ते दारात आले. मी त्यांना आत घेतलं, गीत म्हटलं, सूचना ऐकल्या. त्या विषयावर एक शब्द निघाला नाही, त्यांच्याकडून आणि माझ्याकडूनही.

मग सलग तीन रविवार मामा आले नाहीत. फुप्फुसांत पाणी झालं होतं. सातिवलीच्या रस्त्याला चाळीत त्यांची एक खोली होती, तिथे त्यांची नगरकडे दिलेली मुलगी येऊन राहिली होती. पाळकसाहेब निघाले आणि मला म्हणाले, चला तुम्ही. मी ताट धरून बरोबर गेलो. आम्हाला बघून मामांनी उठायचा प्रयत्न केला.

“आम्ही आलो न्हाई,” ते म्हणाले, आणि धाप लागली म्हणून थांबले. “म्हणून तुम्ही आलात.”

पाळकसाहेबांनी ताटावरचा रुमाल काढला. मामांनी पेल्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला एवढंच सांगता येईल की त्यांना तो हवा होता. तहानलेला माणूस बघतो तसे ते बघत होते. आणि मग त्यांनी मान हलवली, नको. पाळकसाहेबांनी समजावलं, हात धरला. मामा नुसते मान हलवत राहिले.

पाळकसाहेब मला घेऊन बाहेर गॅलरीत आले. दार उघडंच होतं. ते म्हणाले, “यांच्या मनात काय आहे? तुम्ही इतकी वर्षं ओळखता. तुम्हाला काही माहीत आहे का? मला कळलं तर मी आत्ता आत जाऊन ते सोडवतो.”

सहा वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. खोटं बोलू नका, असं मामांनी सांगितलेलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्या दोन वाक्यांच्या मागून ती यादी येणार होती. माहीत असूनही तुम्ही नाव गाळलंत, लोक काहीबाही बोलत होते ते ऐकत बसलात, हे त्या मनमिळाऊ माणसानं मला विचारलं नसतं, पण त्याच्या तोंडावर दिसलं असतं. आईचं नाव मी मनात पुढे केलं, तिचं ते तसंच राहू दे म्हणून. पण कारण ते नव्हतं. कारण मी होतो.

“नाही,” मी म्हणालो. “मला काही कल्पना नाही.”

मी वळून आत पाहिलं. मामांचे डोळे मिटलेले होते. हात चादरीवर होता, अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवलेला. तो हलत नव्हता. त्यांनी ऐकलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. भरलेला पेला आम्ही परत नेला. शाळेच्या आवारात जास्वंद आहे, तिच्या मुळाशी मी तो ओतला. चार दिवसांनी मामा गेले. मंडळी झाडून सगळी आली. त्यांचं आवडतं गीत आम्ही म्हटलं आणि त्यांच्याच चालीनं म्हटलं, दुसरी कुणाला येतच नव्हती. तेव्हाही मला रडू आलं नाही. मी मोजत होतो, किती जण आलेत.

आता पेले मी भरतो. शनिवारी मनुका भिजत घालतो, रविवारी दुसऱ्या गीताला अंगठा करंगळीवर ठेवतो. गेल्या महिन्यात माझ्यासकट घेणारे त्रेचाळीस होते. मी बेचाळीस भरले. रांग पुढे गेली, परत आली, ताट रिकामं झालं, मी पडद्याआड उभा होतो.

पुढच्या जानेवारीत यादीतून माझं नाव निघेल. नवा चिटणीस आहे, त्याचं अक्षरही चांगलं आहे. अजून तरी मला कुणी काही विचारलेलं नाही.